डाव्या जबड्यावरचा आखूड दात

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळाच्या तोंडाला एक पांढरं फडकं बांधलेलं असे. पाणी गाळून यावं म्हणून. नव्याने आलेल्या पोरांना वाटे, नळ गळतो म्हणून शिपायाने चिंधी बांधली आहे. एखादा उत्साही पोरगा ती सोडून फेकून देई. दुसऱ्या दिवशी धुतलेलं दुसरं फडकं त्याच जागी, त्याच गाठीने बांधलेलं. कोणी सोडलं, हे बांधणाऱ्याने कधी विचारलं नाही. बांधणारे होते प्रा. हस्तीमल चोरडिया, प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. विभागात माणसं दोनच, त्यामुळे त्यांच्या प्रमुखपणाचा त्रास फारसा कुणाला नव्हता.

मी वनस्पतिशास्त्राचा. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एकच दार होतं आणि त्याची कडी मोडलेली होती. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते निवृत्त होईपर्यंत चोरडिया सर मला रोज दिसत. दिसत म्हणजे त्यांची पाठ दिसे. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातली पाठ. उजव्या हातात पेन्सिल असे आणि डोळा न हलवता ती शेजारच्या कागदावर चाले. संध्याकाळचं ऊन खिडकीच्या खालच्या गजाला लागलं की पाठ सरळ होई. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं म्हणून ते पेठेतल्या घरी जात. प्राचार्यांची सभा चालू असली तरी यात फरक नाही. एकदा प्राचार्य म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे, बसा. सर उठता उठता म्हणाले, "मुद्दा उद्याबी राहील सर. सूर्य न्हाई राहणार."

चोरडियांचं नारायणगावच्या पेठेत भुसाराचं दुकान. पणजोबा मारवाडातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी आता लग्नाच्या गाण्यांपुरती उरली होती. सर तर राजुरीच्या शेतकऱ्यासारखं लई, व्हतं, न्हाई असंच बोलत. दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि धाकटा डॉक्टर होईल म्हणून त्याला शिकवलं. तो डॉक्टर झालाही, पण समुद्रातल्या किड्यांचा. जुन्नर तालुक्यातून समुद्र दिसत नाही. नाणेघाटाच्या टोकावर उभं राहिलं तरी दिसतं ते कोकण. पेठेत यावर पुष्कळ दिवस विनोद झाले, मग लोकांना दुसरे विषय मिळाले.

या किड्यांना शास्त्रात पॉलिकीट म्हणतात. गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद. अंगाच्या दोन्ही बाजूंना पायांसारखे उंचवटे आणि त्यांतून निघालेले राठ केस. केसाच्या टोकाला आकडा आहे की दाते आहेत, डोक्यावर मिशा किती आहेत, यावरून जात ठरते. सरांनी हाच गट का निवडला, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. बेडूक किंवा मासा नीट जाणून घ्यायचा तर सुरी घेऊन आत जावं लागतं. हे किडे बहुतेक बाहेरूनच ओळखता येतात. आणि कॉलेजात जाताना आईने त्यांना नियम दिला होता, की हाताने जीव कापायचा नाही. बी.एस्सी.ला चिरफाडीच्या प्रश्नाला त्यांनी नुसती आकृती काढून दिली आणि गुण घालवले. पुढे एवढ्या मोठ्या प्राणिजगतात सुरी लागत नाही असा एक कोपरा शोधला आणि त्यात जन्म काढला. पीएच.डी.देखील विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या जुन्या बाटल्यांवर केली. पिढीभर आधी मेलेले किडे, त्यांना ज्यांनी मारलं होतं तेही हयात नव्हते.

कॉलेजात चिरफाडीचे तास विभागातले दुसरे प्राध्यापक घेत आणि त्या बदल्यात सर त्यांचे व्याख्यानाचे तास घेत. मी एकदा चिडवलं, की तुम्ही कापत नाही, पण दुसऱ्याकडून बरं कापून घेता. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धर्मातली गोष्ट समजावली. करणं, करवणं आणि केलेल्याचा आनंद मानणं, तिन्ही सारखीच. कापा असं ते कुणाला सांगत नव्हते, ते विद्यापीठाने सांगितलं होतं. हा युक्तिवाद भुसाराच्या गादीवर शोभेल, असं मी म्हणालो. त्यावर ते मनापासून हसले.

गावात मात्र किड्यांचे डॉक्टर म्हणजे कीड मारणारे, असा समज. टोमॅटोचा हंगाम आला की शेतकरी बाजार उरकून पिशवीत फळं घेऊन सरांकडे येत. एकदा आमच्या बोरी बुद्रुकचे, माझ्याच भावकीतले तात्या आले. त्यांनी टेबलावर टोमॅटो फोडला. सरांनी आतली अळी मोरपिसाच्या काडीवर अलगद घेतली. आपोआप गळून पडलेल्या मोरपिसाची काडी हेच त्यांचं एकमेव हत्यार. मग अळीचं नाव, कुळ, तिचा पतंग अंडी कधी घालतो, कुठे घालतो, असं सगळं सविस्तर सांगितलं. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, तिचं कूळ इचारून आपल्याला काय सोयरीक करायचीय? काय मारू तेवढं सांगा."

सरांनी गुपचूप मधल्या दाराकडे बोट केलं. औषधाचं नाव मी सांगितलं. असला पापाचा वाटा दर हंगामात माझ्याकडे येई आणि बोट दाखवणं हे करवण्यात बसतं का, हे मी भिडेपोटी विचारलं नाही. ती अळी मात्र सर अर्ध्या टोमॅटोसकट मागच्या बाभळीखाली ठेवून आले. तात्या बराच वेळ खिडकीतून बघत राहिले.

भाद्रपदात जैनांचं पर्युषण संपलं, संवत्सरी झाली, की दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात येऊन प्रत्येकासमोर हात जोडत. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं, म्हणजे ते सगळं वाया जावो, क्षमा असावी. प्राचार्यांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे झाले की प्रयोगशाळेत जाऊन कपाटासमोर उभे राहत आणि बाटल्यांतल्या किड्यांनाही हात जोडत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मी विचारलं, त्यांना ऐकू येतं का? सर म्हणाले, "बेइंद्रिय जीव हायेत. स्पर्श आन् चव, दोनच इंद्रियं. कान न्हाईत त्यांना. पण मला हायेत ना."

यानंतर मी त्या विषयावर विनोद केला नाही.

दोन हजार साल उलटून थोडे दिवस झाले होते. वैशाली पडवळ गोव्याहून आली. ही महाळुंगे पडवळची, आमची जुनी विद्यार्थिनी. किड्याच्या केसाची आकृती कशी काढायची, हे ती सरांच्या शेजारी बसून शिकली होती. पुढे शिकत शिकत ती गोव्यात समुद्रावर संशोधन करणाऱ्या संस्थेत लागली आणि तिथून एका परदेशी जहाजावर गेली. गावात सांगताना तिचे वडील जहाज न म्हणता बोट म्हणत आणि बोट म्हणजे काय ते उगाच दोन्ही हात पसरून दाखवत. तर ही वैशाली एसटीने आली, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. डब्यात मोज्यांचे गोळे आणि मोज्यांच्या मध्ये बाटली.

हिंदी महासागराच्या तळाशी, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे डोंगरांची एक रांग आहे. तिच्या भेगांतून काळं कढत पाणी धुराड्यातल्या धुरासारखं वर येत असतं. त्या पाण्यात कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. त्यावर जीवाणू जगतात आणि जीवाणूंच्या जिवावर कोळंबी, शिंपले, किडे. सूर्याचा तिथे काही संबंध नाही. वैशालीने हे सगळं सांगितलं तेव्हा सर माझ्याकडे वळून म्हणाले, की तुमच्या हिरव्या पानाला तिथं कोण इचारत न्हाई, जाधव सर. आयुष्यभर मी पोरांना शिकवत आलो होतो, की सगळी सृष्टी हिरव्या पानावर चालते. मला ते थोडं लागलंच.

बाटलीत त्या धुराड्याच्या कडेवरून आणलेला एक किडा होता. बोटाच्या पेराहून थोडा लांब, पाठीवर माशासारखे खवले. जहाजावर वर येईपर्यंतच मेलेला. आणखी काही तुकडे होते, पण अख्खा असा हा एकच. वैशालीचं म्हणणं, हा कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसत नाही. सरांनी लगेच हो म्हटलं नाही. घाई करणाऱ्याला सगळे किडे एकाच जातीचे दिसतात, किंवा मग प्रत्येक किडा नव्या जातीचा दिसतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. किडा त्यांनी ठेवून घेतला.

पुढे कितीतरी महिने पाठ वाकलेलीच होती. दारूत, म्हणजे नमुने टिकवायच्या अल्कोहोलात, ठेवल्यावर खवले गळून बाटलीच्या तळाशी बसले होते. सरांनी एकेक खवला मोरपिसाच्या काडीने उचलून कुठे बसतो ते पाहिलं आणि सगळे मूळ जागी लावून आकृतीत काढले. वैशाली परदेशातून मागवलेल्या लेखांच्या झेरॉक्स पाठवी. सर ते वाचत, वाकत, खोडत. एक दिवस मधल्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा रोजच्यासारखाच, पण हातातली पेन्सिल कानावर ठेवायची विसरले होते. म्हणाले, नवा असावा. तोपर्यंत त्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्यांनी नावं दिलेलेच किडे ओळखले होते. ज्याला अजून नाव नाही असा जीव त्यांच्या पुढ्यात पहिल्यांदाच आला होता. मला किड्यांतलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मलाही बरं वाटलं.

अडचण एकच होती. या किड्याचा सगळ्यात जवळचा जो नातलग, तो बाहेरून जवळजवळ असाच. फरक पटवायचा तर जबडे दाखवायला हवेत. त्या नातलगाच्या जबड्याची आतली कड गुळगुळीत असते. याच्या कडेला दात असतील तर हा वेगळा, नाहीतर नाही. आणि जबडे घशाच्या आत. काही किडे मरताना घसा बाहेर काढतात, मग सगळं उघड्यावर येतं. याने आत ओढून घेतला होता.

वैशाली सुट्टीत आली तेव्हा हे बोलणं माझ्यासमोर झालं. तिने बोटाच्या नखावर दाखवलं, सर, एवढीच चीर. मी मारते. तुम्ही तिकडं तोंड करून बसा. सर म्हणाले, तोंड कुठंबी केलं तरी करवणं ते करवणंच. मग बाटली मी गोव्याला नेते, तिथं काय करायचं ते करते, असं ती म्हणाली. काय करणार हे माहीत असून बाटली हातात देणं म्हणजे तेच, असं सरांचं उत्तर. मला तिचा वैताग कळत होता. मेलेल्या किड्याला कसली आली आहे हिंसा, असं मी म्हणून पाहिलं. सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, धर्मशास्त्राचं मला ठाऊक न्हाई, पण मी शब्द दिलाय. आईने मोकळं केलं तर कापीन.

त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघं पेठेत गेलो. दुकानाच्या मागे घर. सरांच्या आईंना सगळी पेठ बाई म्हणे, सरही बाईच म्हणत. त्या ओसरीवर मटकी निवडत बसल्या होत्या. त्यांच्याही हातात मोरपिसाची काडी. कडधान्यातला एकेक सोंडकिडा त्या काडीवर घेऊन शेजारच्या वाटीत सोडत होत्या आणि वाटीत त्याच्या खाण्यासाठी मूठभर मटकी ठेवलेली होती. सरांचं हत्यार कुठून आलं ते मला तेव्हा कळलं.

सर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाई, मी पुण्याला शिकाया निघालो तवा तुमी मला नियम दिला व्हता. हातानं जीव कापायचा न्हाई म्हणून. तेवढा मोकळा करा."

बाई काडी थांबवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कवा म्हणले मी असं?"

सरांनी सांगितलं. ट्रंक बांधून ठेवली होती, वडील अंथरुणावर होते, देवघराच्या दारात उभं राहून तुम्ही म्हणालात.

"म्हणले असन. तुझे वडील आजारी व्हते, मी काय काय बोलत व्हते तवा." बाईंनी एक किडा वाटीत सोडला. "मला न्हाई आठवत रे. दिल्याचं आठवलं असतं तर माघारी घेतला असता. आता काय माघारी घेऊ?"

वैशालीने आशेने सरांकडे पाहिलं. तिच्या मते प्रश्न सुटला होता. ज्यांनी नियम घातला त्यांनाच तो आठवत नव्हता. माझंही मत काही वेगळं नव्हतं. बाईंनी आम्हाला खाकरा आणि चहा दिला, वैशालीला लग्नाचं विचारलं आणि आम्ही बाहेर पडलो. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर सर म्हणाले, "तिला आठवत न्हाई म्हणून मी विसरायचं, असं थोडंच हाय." नियम आता एकट्या त्यांच्याकडे होता आणि त्यातून सोडवणारं कुणी उरलं नव्हतं. एसटी आली तशी वैशाली चढून पलीकडच्या खिडकीशी बसली.

मार्ग निघाला तो माझ्या टेबलावरून. यात माझी हुशारी काही नाही. पानाच्या शिरा दाखवायच्या तर आम्ही पान औषधात ठेवून पारदर्शक करतो, हे अकरावीचं पोरगंही करतं. सरांनी मधल्या दारातून ते रोज पाहिलं होतं. एका सकाळी येऊन त्यांनी ग्लिसरीन मागितलं. दारूत थोडं थोडं ग्लिसरीन मिसळत नेलं, दारू आपोआप उडत गेली आणि किडा हळूहळू ओल्या तेलकट कागदासारखा झाला. खालून आरशाने ऊन टाकलं की आतला घसा सावलीसारखा दिसे आणि त्यात जबड्यांच्या तपकिरी रेघा. ढग आले की काही दिसत नसे. सरांनी मला बोलावून दाखवलं, तेव्हा मला नुसता धूर दिसला. ते म्हणाले, बघत राहा. बराच वेळ पाहिल्यावर एका रेघेच्या कडेला खाचा दिसल्या.

दात होते. जात वेगळी होती. सरांनी चारही जबड्यांची आकृती काढली. डाव्या बाजूच्या एका जबड्यावरचा एक दात बाकीच्यांपेक्षा आखूड होता. तो खरंच आखूड आहे की सावलीचा खेळ आहे, याची खात्री त्यांना झाली नाही, म्हणून तेवढा दात तुटक रेषेने काढला. त्या तुटक रेषेवर त्यांचे किती दिवस गेले ते मी सांगू शकत नाही. ऊन चांगलं पडलं की ते सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेत, बघत आणि मान हलवून परत येत. रेष तुटकच राहिली.

लेख छापून आला. न कापता काढलेली आकृती संपादकांनी कुरकुरत स्वीकारली. नावं दोघांची, सरांचं आणि वैशालीचं. किड्याला नाव दिलं वैशालीच्या गावावरून, महाळुंग्याला लॅटिनचं शेपूट लावून. महाळुंग हे मुळात लिंबाच्या जातीचं फळ. म्हणजे त्या बिनसूर्याच्या अंधारात शेवटी माझं एक झाड गेलंच, आणि हे मी सरांना बोलून दाखवायला विसरलो नाही. महाळुंगे पडवळला मात्र मंडळी जरा बुचकळ्यात पडली. वैशालीचा सत्कार करायला सगळे तयार होते, पण गावाचं नाव किड्याला, हा मान की अपमान, यावर पारावर दोन मतं पडली. शेवटी तिचे वडील म्हणाले, "आरं, साऱ्या दुनियेत गावाचं नाव झालं, ते किड्यानं केलं का माणसानं केलं, काय करायचंय?" मग नारळ फुटला. सर सत्काराला गेले नाहीत. कार्यक्रम जेवणासकट दिवे लागल्यावर होता.

किडा गोव्याच्या संस्थेच्या संग्रहात गेला, कारण नव्या जातीचा मूळ नमुना सगळ्यांना बघता येईल अशा जागी ठेवावा लागतो. बाटली वैशालीच्या हातात देताना सरांनी ती पुन्हा एकदा उजेडाकडे धरली. कपाटातली तिची जागा रिकामी राहिली. मी म्हटलं, दुसरी बाटली ठेवा तिथे. ते हो म्हणाले आणि ठेवली नाही.

काही वर्षं गेली. सरांच्या निवृत्तीचं साल आलं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात वैशालीचा मला फोन आला, सरांना नाही. परदेशातल्या एका संशोधकाने आक्षेप घेतला होता. त्याचं म्हणणं, हे दात म्हणजे ग्लिसरीनमधला भास आहे, किडा जुन्याच जातीचा आहे आणि नवं नाव रद्द करावं. नमुना उघडून दाखवा, नाहीतर नाव मागे घ्या. पुन्हा तिथे जहाज गेलं नव्हतं, दुसरा किडा कुणाकडे नव्हता. संस्थेने निर्णय वैशालीवर सोडला होता. मी विचारलं, सरांशी बोललीस का?

"नाय सर. विचारलं असतं तर त्यांना हो म्हणावं लागलं असतं, नायतर नाय. हो म्हणाले तर त्यांचा नियम मोडला, आन् नाय म्हणाले तर किडा गेला. म्हणून नाय विचारलं. मी उघडला. जे काय लागायचं ते मला लागू द्या."

मी विचारलं, मग? ती म्हणाली, मेल केलाय सरांना, तुम्ही जरा बरोबर राहा.

सर मेल बघायला बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जात, तिथला पोरगा त्यांना पान उघडून देई. मी बहाणा करून बरोबर गेलो. मेल मोठा होता, खाली फोटो जोडलेले. सर चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेले. फोटोत उघडलेला जबडा होता, प्रखर उजेडात, कड स्वच्छ. दात होते, सरांनी काढले होते तसेच, जिथे काढले होते तिथेच. आणि डाव्या जबड्यावर तो एक दात आखूड होता. वैशालीने लिहिलं होतं, की तो जिवंतपणीच तुटून झिजलेला आहे, तुमची तुटक रेष आता पूर्ण करायला हरकत नाही. आक्षेप घेणाऱ्याने तो मागे घेतला होता.

इतक्या वर्षांत मी त्या माणसाचा असा चेहरा पाहिला नव्हता. सर हसत होते. मोठ्याने नव्हे, पण सगळा चेहरा हसत होता. त्यांनी पडद्यावर त्या दाताला बोट लावलं आणि मला म्हणाले, "बघा, व्हता. म्हणलो नव्हतो मी?" मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला. आणि धरलेल्या हातातच त्यांचा हात सैल पडत गेलेला मला जाणवला. ते पुन्हा पडद्याकडे बघत होते. आता त्यांना नुसता दात नाही, चीरही दिसत होती. ती किड्याच्या गळ्यापासून खाली सरळ गेली होती.

बाहेर येऊन ते स्टँडच्या कट्ट्यावर बसले. मला वाटलं, वैशालीवर रागावतील. तसं काही झालं नाही. तिनं मला वाचवाया पाहिलं, लई गुणाची पोरगी, असं म्हणाले. करण्यातून वाचवलं, करवण्यातून वाचवलं. मग म्हणाले, "पण मला आनंद झाला राव. त्या तिसऱ्यातून कोण वाचवणार?"

मी म्हणालो, की सर, तो आनंद कापल्याचा नव्हता, बरोबर ठरल्याचा होता. ते म्हणाले, कापलं म्हणून कळलं आन् कळलं म्हणून झाला. वेगळा कसा काढायचा त्यातनं? मला त्या क्षणी त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. आयुष्यात एकदा या माणसाला मनसोक्त आनंद झाला होता आणि तो त्याने पुरता एक मिनिटही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. वैशालीला उत्तर धाडलं, त्यात आकृती दुरुस्त केल्याचं लिहिलं आणि बाकी काही नाही. तुटक रेष त्यांनी माझ्यासमोर शाईने भरली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळे त्या किड्याबद्दल बोलले. सरांनी भाषणात नळाचं फडकं आठवड्याने बदला, एवढंच सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच भाद्रपदात. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे कॉलेजात आले, उतरलेले, शर्ट खांद्यावर मोठा झालेला. प्राचार्यांपासून मावशींपर्यंत सगळ्यांना हात जोडले. मग प्रयोगशाळेत गेले. मी मधल्या दारात उभा राहिलो. कपाटासमोर जाऊन त्यांनी बाटल्यांना हात जोडले, आणि मग त्या रिकाम्या जागेपुढे बराच वेळ उभे राहिले. तिथे नव्या प्राध्यापकांनीही दुसरी बाटली ठेवली नव्हती.

परत जाताना ते माझ्यापाशी थांबले. मी विचारलं, झाली का क्षमा मागून?

"मागितली. दर साली मागीन," सर म्हणाले. "पण त्यो आखूड दात आठवला की अजून आनंद व्हतो, जाधव सर."

हे बोलतानाही तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होताच.